बाउन्सर (आयआरसी)

आयआरसी (इंटरनेट रिले चॅट) ही लिखित गप्पांची पद्धत. बाउन्सर हा वापरकर्त्याचा क्लायंट (गप्पांचे सॉफ्टवेअर) आणि आयआरसी सर्व्हर यांच्यामध्ये बसणारा प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ प्रोग्राम, आहे. वापरकर्ते त्याला 'बीएनसी' असेही म्हणतात. लॅपटॉप मिटला, फोनची रेंज गेली, तरी चॅनेलमध्ये (गप्पांच्या खोलीत) निक (टोपणनाव) दिसत राहतो, कारण सर्व्हरच्या लेखी जोडलेला असतो तो बाउन्सर.

त्याची गरज आयआरसीच्या घडणीतूनच आली. यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ मध्ये फिनलंडमध्ये सुरू केलेल्या या पद्धतीत सर्व्हर त्या क्षणी हजर असलेल्यांना संदेश पोचवतो आणि विसरून जातो. गैरहजेरीतले बोलणे परत मिळत नाही. काही नवे सर्व्हर इतिहास राखतात, पण सरसकट नाही.

झेडएनसी हा सर्वाधिक वापरला जाणारा बाउन्सर. तो सतत चालू राहणाऱ्या मशीनवर, बहुधा छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर), साध्या खात्यातून चालवावा. रूट (सर्वाधिकार असलेले खाते) म्हणून नको. 'मेककॉन्फ' हा पर्याय देऊन चालवला की तो पोर्ट, वापरकर्तानाव, पासवर्ड आणि नेटवर्क विचारतो. पोर्ट ६६६७ किंवा ६६९७ टाळावा: काही ब्राउझर हे पोर्ट उघडत नाहीत, मग वेबअॅडमिनचे (ब्राउझरमधून बाउन्सरची मांडणी करण्याचे) पान दिसत नाही. क्लायंटमध्ये सर्व्हर म्हणून बाउन्सरचा पत्ता आणि सर्व्हर पासवर्डच्या जागी 'वापरकर्तानाव/नेटवर्क:पासवर्ड' असे लिहायचे. तिरकी रेघ किंवा नेटवर्काचे नाव विसरणे ही नवख्यांची नेहमीची चूक.

सगळ्यात जास्त गोंधळ बफरचा. बाउन्सर प्रत्येक चॅनेलच्या शेवटच्या ठरावीक ओळी (बदलला नाही तर आकडा ५०) साठवतो आणि क्लायंट जोडला की ऐकवतो. गजबजलेल्या चॅनेलला ५० ओळी तासभरही पुरत नाहीत. ऐकवल्यावर बफर रिकामा करण्याची सोय चालू असेल, तर फोनवर वाचलेले लॅपटॉपवर येत नाही. बंद केली, तर तेच बोलणे दर जोडणीला पुन्हा येते. यावर क्लायंटला हव्या त्या वेळेपासूनचेच बोलणे देणारे 'प्लेबॅक' मॉड्यूल (बाउन्सरला जोडायचा भाग) हा चांगला तोडगा, मात्र त्याला क्लायंटची साथ हवी. ओळींची वेळ चुकीची दिसत असेल, तर क्लायंटला 'सर्व्हर-टाइम' (ओळीची मूळ वेळ वेगळी पाठवण्याची सोय) वापरता येत नाही आणि बाउन्सर आपल्या वेळक्षेत्रातली वेळ मजकुराला चिकटवतो आहे, असे समजावे.

बाउन्सर अचानक बंद पडून पुन्हा चालू झाला की जुनी जोडणी पिंग टाइमआउट होईपर्यंत (उत्तर येत नाही म्हणून सर्व्हर ती तोडेपर्यंत) सर्व्हरवर लोंबकळते. निक अडकलेला असल्याने नव्या जोडणीला पर्यायी निक मिळतो. 'कीपनिक' मॉड्यूल मूळ निक मोकळा होताच तो परत घेते. नोंदणीकृत निकनाच प्रवेश देणाऱ्या चॅनेलांसाठी एसएएसएल ही ओळख पटवण्याची पद्धत वापरावी, कारण त्यात ओळख जोडणीच्या वेळीच पटते. निकसर्व्हला (निकांची नोंदणी सांभाळणाऱ्या सेवेला) नंतर पासवर्ड पाठवला, तर ओळख पटण्याआधीच प्रवेशाचा प्रयत्न होऊन तो नाकारला जाऊ शकतो.

टीएलएस (मजकूर सांकेतिक करून पाठवण्याची सोय) दोन्ही टप्प्यांवर वेगवेगळे लावावे लागते: क्लायंट ते बाउन्सर, आणि बाउन्सर ते सर्व्हर. मधल्या ठिकाणी मजकूर उघडाच असतो, म्हणून दुसऱ्याच्या बाउन्सरवरचे खाते म्हणजे त्याच्या चालकाला आपली खासगी बोलणी वाचण्याची मुभा. शिवाय एका आयपी पत्त्यावरून किती जोडण्या येऊ द्यायच्या यावर नेटवर्कांची मर्यादा असते. सामायिक बाउन्सर त्यात अडकतात.

एकाच टर्मिनलवर भागत असेल, तर टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये (बाहेर पडले तरी टर्मिनल चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) आयआरएसएसआय (टर्मिनलमधला क्लायंट) चालू ठेवले तरी पुरते.