शेपटी येते, वळू येत नाही

देवळात आरतीच्या वेळी देवावर ढाळतात ती चवरी आठवा. चांदीच्या मुठीत बसवलेला पांढऱ्या केसांचा झुबका. हल्ली बहुतेक ठिकाणी ते केस नायलॉनचे असतात, पण अस्सल चवरी वनगाईच्या शेपटीची. वनगाय म्हणजे याक, संस्कृतातली चमरी. हे जनावर आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं असेल. त्याची शेपटी मात्र शतकानुशतकं खिंडी उतरून खाली येत राहिली.

जनावर खाली येत नाही, कारण त्याला झेपत नाही. अंगावर दाट लोकर, घामाच्या ग्रंथी नावापुरत्या. जो गारवा आपल्याला सुखाचा वाटतो, त्यात ते धापा टाकतं. थंडीत जरा खाली आणि उन्हाळ्यात बर्फाच्या कडेकडेनं वर, असं त्याचं वर्ष असतं. याक पाळायचा तर माणसालाही तेच वर्ष जगावं लागतं. (तिबेटी भाषेत ‘याक’ म्हणजे फक्त नर, मादीला ‘द्री’ म्हणतात. म्हणून ‘याकचं दूध’ म्हटलं की तिकडची माणसं गालातल्या गालात हसतात.)

उत्तर सिक्कीममधलं लाचेन खोरं हे या जगण्याचं चांगलं उदाहरण. लाचेन गाव साधारण २,७०० मीटर उंचीवर, त्याच्या वर थांगू सुमारे ४,००० मीटरवर. त्याहून वर ल्होनाक खोरं, मुगुथांग आणि थेट तिबेटला भिडणारं त्सो ल्हामोचं पठार. कोणत्या कुरणात कधी चढायचं आणि कधी उतरायचं हे एकेक याकवाला आपल्या मनानं ठरवत नाही, ते ‘जुमसा’ ठरवते. जुमसा म्हणजे गावातल्या कुटुंबप्रमुखांची सभा आणि तिनं निवडलेला मुखिया म्हणजे ‘पिपोन’. १८४९ साली वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर या खोऱ्यातून तिबेटच्या सीमेकडे गेला, तेव्हा त्याचीही गाठ लाचेनच्या पिपोनशी पडली होती.

इथल्या कुरणाला कुंपण लागत नाही, तारीख पुरते. गवत वाढायला वर्षातले जेमतेम चार महिने मिळतात. एखाद्यानं आपला कळप आठवडाभर आधी वर नेला, तर कोवळं गवत त्याच्याच जनावरांच्या पोटात जातं आणि मागून येणाऱ्यांना खुरटलेली मुळं उरतात. खालची कुरणं उन्हाळाभर मोकळी राहिली नाहीत, तर हिवाळ्यात चारा कुठला? म्हणून तारीख मोडणाऱ्याला दंड. आपल्याकडच्या गायरानांना असा एखादा पिपोन मिळाला असता तर, असं क्षणभर वाटून जातं.

ही घडी विस्कटली ती गवतामुळे नाही, सीमेमुळे. १९६२ पर्यंत लाचेनच्या लोकांचा तिबेटातल्या खांपा झोंगशी व्यापार होता. तिकडून लोकर आणि मीठ येई. डोकपा म्हणजे तिबेटी भाषा बोलणारे भटके पशुपालक, त्यांचे कळप दोन्हीकडच्या कुरणांत चरत. युद्धानंतर खिंडी बंद झाल्या. व्यापार बुडाला हे सगळ्यांना दिसलं. पण नव्या रक्ताचे वळू पलीकडून येणंही थांबलं, हे नुकसान पिढ्या उलटल्यावर कळलं. तेच ते वळू त्याच त्या कळपात फिरत राहिले की वासरं लहान निपजतात आणि दूध आटतं. आधीच द्री दिवसाला एक-दोन लिटरच्या पुढे फारशी जात नाही आणि बहुधा वर्षाआड विते.

१९७५ साली सिक्कीम भारतात आलं. पुढे इतरत्र पंचायती रुजल्या, पण लाचेन आणि शेजारच्या लाचुंगनं जुमसा सोडली नाही आणि १९९३च्या पंचायत कायद्यानं तिला पंचायतीचे अधिकार दिले. तिचा वचक अजून आहे: २०१२ साली लाचेनमध्ये पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांवर बंदी आली ती जुमसाच्याच हुकमानं.

मग १९९८ची चराईबंदी. मराठी वाचकाच्या कानाला हा शब्द चांगला लागतो. हिवरे बाजारसारख्या गावांमुळे त्याला पुण्याई चिकटली आहे. पण तिथं बंदी गावानं स्वतःवर घालून घेतली होती, सिक्कीमच्या राखीव जंगलांत ती सरकारनं घातली. पश्चिम सिक्कीममधले कित्येक गोठे त्यात उठले. लाचेनच्या वरच्या अंगाला मात्र जुमसाचा शब्द चालत राहिला. तिथल्या तरुणांना याकपासून तोडलं ते बटाटा, सफरचंद आणि गुरुडोंगमार सरोवर पाहायला येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांनी. त्यांना दोष कसा द्यायचा? चार महिने तंबूत काढण्यापेक्षा गाडी चालवणं कोणीही पत्करेल.

२०१८च्या डिसेंबरपासून मुगुथांग भागात बर्फ पडत राहिलं. गवत गाडलं गेलं आणि वाटा बुजल्या. मे २०१९ मध्ये प्रशासनाची माणसं वर पोचली तेव्हा मुगुथांग आणि लाचुंगच्या वरचं युमथांग मिळून सुमारे ३०० याक उपासमारीनं मेले होते. सीमेपलीकडचं पठार पर्जन्यछायेतलं, कोरडं, म्हणून तिथं बर्फ कमी. पण तिकडची वाट १९६२ पासून बंद. २०१९च्या पशुगणनेत देशभरात सुमारे ५८,००० याक भरले. २०१२ साली ते ७७,००० होते.

सरकार काही करत नाही असं नाही. अरुणाचलमधल्या दिरांगला १९८९ पासून राष्ट्रीय याक संशोधन केंद्र आहे. २०२२ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणानं याकला खाद्यप्राणी म्हणून मान्यता दिली, २०२३ साली अरुणाचलच्या याक छुर्पीला भौगोलिक मानांकन मिळालं. छुर्पी म्हणजे दुधाचं वाळवून दगड केलेलं चीज. एक तुकडा गालात धरला की तासभर पुरतो. नेपाळची छुर्पी तर अमेरिकेत कुत्र्यांना चघळायला विकली जाते.

२००६ साली सिक्कीममधली नथू ला खिंड व्यापारासाठी पुन्हा उघडली. तिबेटातून काय आणता येईल याची सुरुवातीची यादी १५ जिनसांची होती. तिच्यात घोडे, शेळ्या आणि मेंढ्या आहेत. याकचे केस आहेत, शेपटीही आहे. जिवंत याक नाही.