शिमल्यात छापलेली आयरिश पोथी

१८७० साली शिमल्याच्या एका छापखान्यातून ‘फिस अदम्नान’ नावाची छोटीशी पुस्तिका बाहेर पडली. अदम्नान या आयरिश संताला दिसलेल्या स्वर्ग-नरकाची ती कथा. मूळ मजकूर मध्ययुगीन आयरिशमधला, सोबत इंग्रजी भाषांतर. अख्ख्या शिमल्यात ती वाचू शकेल असा माणूस बहुधा एकच होता आणि त्यानेच ती छापून घेतली होती. त्याचं नाव व्हिटली स्टोक्स. पोटापाण्याचा उद्योग म्हणाल तर भारत सरकारच्या विधी खात्याची सचिवकी.

स्टोक्स १८३० साली डब्लिनमध्ये जन्मला. वडील विल्यम स्टोक्स नामांकित डॉक्टर. अत्यवस्थ रुग्णाच्या चढत-उतरत, मध्येच थांबणाऱ्या श्वासाला डॉक्टर आजही ‘चेन-स्टोक्स’ म्हणतात, त्यातले स्टोक्स ते हेच. घरात जॉर्ज पेट्री, जॉन ओडोनोव्हन, युजीन ओकरी अशा जाणकारांची ऊठबस असे. ही मंडळी जुन्या आयरिश पोथ्यांत मुरलेली होती, पण तुलनात्मक भाषाशास्त्र हा त्यांचा प्रांत नव्हता. ते वारं आलं जर्मनीकडून. १८५३ मध्ये योहान कास्पार झॉइस या बव्हेरियन शिक्षकाने ‘ग्रामाटिका केल्टिका’ हा लॅटिन ग्रंथ काढला आणि आयरिश, वेल्श, ब्रेटन, कॉर्निश या भाषांचा अभ्यास पहिल्यांदा पक्क्या पायावर उभा राहिला. त्याच सुमारास रुडॉल्फ सिगफ्रिड नावाचा तरुण जर्मन विद्वान डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आला. पुढे तो तिथला संस्कृतचा पहिला प्राध्यापक झाला. स्टोक्सला तुलनात्मक भाषाशास्त्राची गोडी लावली ती त्याने.

या अभ्यासातली एक गंमत मराठी वाचकाला चटकन कळेल. केल्टिक भाषांनी मूळचा ‘प’ गिळून टाकला. संस्कृतातला ‘पितृ’, लॅटिनमधला ‘पातेर’ आणि जुन्या आयरिशमधला ‘आथिर’ हे सगळे एकाच घरातले. ‘पिबति’ म्हणजे पितो, त्याचा आयरिश भाऊबंद ‘इबिद’. ‘पूर्ण’चा तर ‘लान’ झाला. एवढा ‘प’ परत जागेवर ठेवला की बरेच अनोळखी शब्द सोयरे निघतात. आयरिश ही कुठली तरी कोपऱ्यातली बोली नसून संस्कृत-ग्रीकच्या मांडीला मांडी लावून बसणारी भाषा आहे, हे अशाच शब्दांनी सिद्ध झालं.

स्टोक्सने मात्र प्राध्यापकी केली नाही. लंडनमध्ये तो वकिली शिकला. त्याच्या गुरूंपैकी एक होते आर्थर केली, म्हणजे गणितवाल्यांना मॅट्रिक्समुळे ठाऊक असलेले तेच केली; तेव्हा तेही वकिलीच करत. १८६२ मध्ये स्टोक्स मद्रासला आला आणि १८६५ पासून कलकत्त्यात विधी खात्याचा सचिव झाला. मूळ हस्तलिखितं तुरिन, व्हिएन्ना, डब्लिनच्या ग्रंथालयांत आणि हा हुगळीच्या काठी. तरी जुन्या आयरिश टिपांचा ‘गॉइडिलिका’ हा संग्रह १८६६ मध्ये कलकत्त्यात छापला गेला, १८६८ मध्ये ‘कॉर्मकचा शब्दकोश’ हा जुना आयरिश कोशही तिथेच आणि १८८१ मध्ये ट्रॉयच्या पाडावाची आयरिश कथासुद्धा.

घरचं वातावरणही याला पूरकच म्हणायचं. त्याची लहानगी मुलगी मेव्ह हिने दुनकनी आणि मुनिया या आयांकडून आणि करीम या खिदमतगाराकडून ऐकलेल्या गोष्टींचं पुस्तक केलं. १८७९ मध्ये तेही कलकत्त्यातच छापलं गेलं. टिपा आईच्या. माझ्या मते त्या घरातलं सर्वांत वाचनीय पुस्तक हेच.

त्या काळी आयरिश आणि हिंदू कायद्याची तुलना हा विद्वानांचा आवडता विषय होता. पुढे स्टोक्सकडे आलेल्या कायदेमंत्रिपदावर, म्हणजे व्हाइसरॉयच्या मंडळातल्या कायदा सदस्याच्या जागेवर, आधी राहिलेल्या हेन्री मेनने १८७५ मध्ये दाखवून दिलं की प्राचीन आयर्लंडात सावकार बड्या कर्जदाराच्या दारात उपाशी बसे, अगदी आपल्याकडच्या धरण्यासारखा. ते धरणं २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या ५०८व्या कलमाच्या उदाहरणात आलेलं होतं: अमुक माणूस तमक्याच्या दारात धरणं धरून बसतो, त्याच्यावर देवाचा कोप ओढवावा असं भासवतो, म्हणून तो गुन्हेगार. आता यावरून दोन्ही समाजांची ही चाल एकाच पूर्वजाकडून आली, असं म्हणायला मी धजावणार नाही. बुडव्या कर्जदाराच्या दारात जाऊन बसायला समान पूर्वज लागत नाहीत.

आपल्या दृष्टीने स्टोक्सचं महत्त्वाचं काम वेगळंच आहे. १८६८ मध्ये लाहोरच्या पंडित राधाकृष्णांनी व्हाइसरॉय लॉरेन्सला पत्र लिहून संस्कृत पोथ्यांच्या याद्या करण्याची सूचना केली. देशभर पोथ्या शोधायच्या, विकत घ्यायच्या, नकला करायच्या, सूची छापायच्या, ही योजना कागदावर आखली ती स्टोक्सने. मुंबई इलाख्यात ब्यूलर आणि कीलहॉर्न हे जर्मन संस्कृतज्ञ हे काम दोन वर्षं आधीच करू लागले होते. आता त्याला रीतसर पैसा आणि चौकट मिळाली. पुढे रा. गो. भांडारकर आणि पीटरसन यांनी ते वाढवलं. या पोथ्या आधी डेक्कन कॉलेजात आल्या आणि १९१८ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात. पोथीच्या क्रमांकापुढे ‘१८७५-७६’ अशी जोडवर्षं दिसतात ना, ती पोथी लिहिल्याची नव्हेत, सरकारी संग्रहात दाखल झाल्याची. १८७५-७६च्या गठ्ठ्यात ब्यूलरने काश्मीरहून आणलेली शारदा लिपीतली भूर्जपत्रं आहेत. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यातल्या एका प्रतीचा मोठा आधार झाला.

१८७७ ते १८८२ स्टोक्स स्वतः कायदेमंत्री होता. त्या काळात निघालेले कायदे आपण अजून वापरतो: १८८१चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट (चेक न वटल्याचं कलम मात्र १९८८चं), १८८२चे ट्रस्ट, मालमत्ता हस्तांतरण आणि ईझमेंट्सचे (दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वाट-पाण्यासारख्या हक्कांचे) कायदे. बांधावरच्या गाडीवाटेसाठी तालुक्याच्या कोर्टात भांडणारे दोन शेजारी याच शेवटच्या कायद्याच्या कलमांवर भांडतात. १८७९च्या विधी आयोगात त्याच्यासोबत मुंबईचे रेमंड वेस्ट होते, म्हणजे हिंदू कायद्यावरच्या ‘वेस्ट अँड ब्यूलर’मधले वेस्ट. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा मुंबई इलाख्यात लागू व्हायला मात्र १८९३ उजाडलं.

१८८२ मध्ये तो परतला आणि उरलेली सत्तावीस वर्षं केल्टिकला दिली. टीका जहरी. रॉबर्ट ॲटकिन्सन यांनी आयरिश कायद्यांच्या ग्रंथांसाठी केलेल्या शब्दसूचीची त्याने चिरफाड केली. जॉन स्ट्रॅकनबरोबर त्याने १९०१ आणि १९०३ मध्ये जुन्या आयरिश टिपांचे दोन खंड काढले. लॅटिन ग्रंथांच्या ओळींमध्ये भिक्षूंनी लिहिलेले हे बारीक आयरिश अर्थ म्हणजे जुन्या आयरिशचा मोठा पुरावा. स्वित्झर्लंडच्या सेंट गॉल मठातल्या नवव्या शतकातल्या व्याकरणाच्या पोथीत एक नकलाकार समासात कण्हतो, “हाय रे माझा हात!” दुसरीकडे तक्रार, की शाई पातळ झालीय. आपल्याकडचा पोथी लिहिणारा तेच श्लोकात सांगतो: “भग्नपृष्ठकटिग्रीवः”, पाठ, कंबर, मान मोडून लिहिलंय, जपा बाबांनो.

स्टोक्स १९०९च्या एप्रिलमध्ये लंडनला वारला. त्याच्या हस्ताक्षरातल्या केल्टिक टिपणवह्या कित्येक वर्षं कुणाच्या ध्यानात नव्हत्या. अलीकडे त्या सापडल्या, लाइपझिग विद्यापीठाच्या ग्रंथालयात.