मेसेज आणि नोटीस: आयआरसीवर ऑटो-रिप्लाय लावताना होणारा घोळ

आयआरसी म्हणजे इंटरनेटवर टाइप करून गप्पा मारायची पद्धत, चॅनेल म्हणजे तिथली सामायिक खोली आणि एमआयआरसी हा ती वापरायचा एक प्रोग्रॅम, म्हणजे क्लायंट. एमआयआरसीसाठी लिहिलेल्या स्क्रिप्ट वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आपोआप उत्तर पाठवायला कुठे मेसेजची कमांड वापरलेली असते, कुठे नोटीसची, आणि लिहिणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, ‘दोन्ही एकच, फक्त दिसायला वेगळे.’ नाहीत एकच. या गैरसमजामुळे चांगली चाललेली चॅनेलं बंद पडतात, म्हणून हे लिहितो आहे.

मेसेज तुम्हाला माहीत आहेच. चॅनेलमध्ये टाइप केलेली प्रत्येक ओळ आणि खासगी खिडकीतली प्रत्येक ओळ मेसेजच असते. एमआयआरसीत त्यावर ‘ऑन टेक्स्ट’ हा इव्हेंट, म्हणजे स्क्रिप्टचा त्या प्रसंगासाठी लिहिलेला भाग, चालतो. नोटीस आली की ‘ऑन नोटीस’ चालतो. नोटीस पाठवणाऱ्याचं नाव कोनी कंसाऐवजी दोन आडव्या रेघांमध्ये दिसतं आणि तिच्यासाठी वेगळी खिडकी उघडत नाही. दिसण्यातला फरक एवढाच आणि तो बिनमहत्त्वाचा आहे.

खरा फरक नियमात आहे. फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात यार्क्को ओइकारिनेनने १९८८ मध्ये आयआरसी सुरू केलं. त्याची नियमावली, आरएफसी १४५९, मे १९९३ मध्ये आली. तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे की नोटीसला आपोआप उत्तर कधीही द्यायचं नाही. सर्व्हरलाही हीच अट आहे: नोटीस चुकीच्या जागी गेली तरी त्याने एररचा निरोप परत पाठवायचा नाही. कारणही तिथेच दिलं आहे. दोन यंत्रं एकमेकांना उत्तरं देत बसू नयेत.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते बघा. तुम्ही स्क्रिप्ट लिहिली: ओळीत कुठेही ‘नमस्कार’ आला की ‘नमस्कार, स्वागत’ असा मेसेज चॅनेलमध्ये टाकायचा. तपासून पाहिलं, मित्राने नमस्कार केला, एक उत्तर गेलं, सगळं ठीक. ठीक वाटलं कारण ‘ऑन टेक्स्ट’ स्वतःच्या ओळीवर चालत नाही. तुमच्या उत्तरातही ‘नमस्कार’ आहे, पण ते तुमची स्क्रिप्ट ऐकतच नाही. मग मित्राला ती स्क्रिप्ट आवडते आणि तोही ती लावतो. आता कुणी नमस्कार केला की तुमचं उत्तर त्याच्या स्क्रिप्टला जागं करतं आणि त्याचं उत्तर तुमच्या.

दोघे असतील तर एका ओळीला एकच उत्तर निघतं, त्यामुळे हे सर्व्हरच्या वेगमर्यादेत राहून न थांबता चालू शकतं. मूळ नियमावलीत प्रत्येक ओळीमागे २ सेकंदांचा दंड आहे आणि तो १० सेकंदांपर्यंत साचला की पुढच्या ओळी थांबवून ठेवल्या जातात. म्हणजे सर्व्हर तुम्हाला हळू करतो, पण बाहेर काढत नाही. तिसऱ्याने तीच स्क्रिप्ट लावली की गणित पालटतं. आता प्रत्येक ओळीला दोघे उत्तर देतात, त्या प्रत्येक उत्तराला पुन्हा दोघे, म्हणजे दर फेरीला दुप्पट. थांबवून ठेवलेल्या ओळींची रांग तुंबते आणि सर्व्हर ‘एक्सेस फ्लड’, म्हणजे ओळींचा अतिरेक, म्हणून एकेकाला तोडतो. लोक मग नेटवर्कला दोष देतात.

हीच उत्तरं नोटीसने, फक्त नमस्कार करणाऱ्याला पाठवली असती तर पहिल्याच पायरीवर सगळं थांबलं असतं, कारण नोटीसने कुणाचाही ‘ऑन टेक्स्ट’ जागा होत नाही. क्लायंटची आपसातली विचारपूस, म्हणजे सीटीसीपी, याच तत्त्वावर चालते: व्हर्जन किंवा पिंगची विचारणा मेसेजने जाते आणि उत्तर नोटीसने येतं.

म्हणून यंत्राने बोलायचं तर नोटीसनेच, आणि तीही एकाच माणसाला. पूर्ण चॅनेलला नोटीस पाठवणं मला मुळीच पटत नाही. ट्रिगर, म्हणजे स्क्रिप्टला जागं करणारा शब्द, उद्गारचिन्हाने सुरू होणारा आणि नेमका ठेवा, दोन्ही बाजूंना तारे (*) लावून कुठेही जुळणारा नको. शिवाय सेट कमांडच्या यू स्विचने पाच सेकंदांत आपोआप पुसलं जाणारं व्हेरिएबल ठेवा आणि ते असेपर्यंत उत्तर देऊ नका.

‘मी बाहेर आहे’ सांगणारी स्क्रिप्ट तर लिहूच नका. तुम्ही अवे असताना कुणी खासगी मेसेज केला तर सर्व्हर स्वतःच त्याला तुमचा निरोप दाखवतो. येणाऱ्या प्रत्येकाचं चॅनेलमध्ये स्वागत करणारा ‘ऑन जॉइन’ही नको. ठेवायचाच असेल तर त्याच्या ओळीत ‘ऑन’नंतर येणाऱ्या स्तराच्या (कुणासाठी चालावं ते सांगणाऱ्या पातळीच्या) आधी उद्गारचिन्ह लावा, नाहीतर तो तुमच्या स्वतःच्या प्रवेशावरही चालेल.

‘ऑन नोटीस’मधून उत्तर देणारी एक स्क्रिप्ट मात्र सर्रास नकलून घेतली जाते: निकसर्व्हने, म्हणजे टोपणनावांची नोंद ठेवणाऱ्या सेवेने, ओळख पटवा म्हटलं की पासवर्ड पाठवायचा. जिथे निकसर्व्हची सेवा नाही अशा नेटवर्कवर ते टोपणनाव भलत्याच माणसाकडे असू शकतं आणि पासवर्ड थेट त्याच्या हाती जातो. नेटवर्कवर एसएएसएल असेल तर तेच वापरा. त्यात जोडणी होतानाच ओळख पटते, नोटीसची वाट बघावी लागत नाही.

आणि तपासणी एकट्याने करू नका. तीच स्क्रिप्ट लावलेले आणखी दोन क्लायंट वेगळ्या टोपणनावांनी एका रिकाम्या चॅनेलमध्ये आणा, मग पहिला नमस्कार करा.