कुठे हात सैल सोडावा, कुठे आखडता घ्यावा: कपडे आणि केसांच्या खर्चाविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे पुढच्या खोलीत शिवणकाम चालते आणि आतल्या खोलीत केसांचे काम. दोन्हीकडे रोज एकच प्रश्न येतो: "यात एवढे पैसे घालण्यासारखे आहे का हो?" सणासुदीच्या गर्दीत उभ्या-उभ्या त्याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक. निवांत वाचा आणि मग ठरवा.

आम्ही स्वतः एकच कसोटी लावतो: चूक झाली तर उसवता येईल का? टीप उसवता येते, कापलेले कापड पुन्हा जोडता येत नाही. तुळशीबागेतली पिन आवडली नाही तर दुसरी घेता येते, पण रसायनाने जळालेला केस पूर्ववत होत नाही, तो कापावाच लागतो. जे उसवता येत नाही तिथे पैसे घाला. बाकी ठिकाणी खुशाल वाचवा.

ब्लाउज: अस्तर आणि माया

ब्लाउजच्या शिलाईवर घासाघीस करणाऱ्या ग्राहकांना आम्ही आधी अस्तराबद्दल सांगतो, कारण बहुतेक ब्लाउज तिथेच बिघडतात. सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटते, मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर तर सहज. वरचे रेशमी किंवा सिंथेटिक कापड तेवढे आटत नाही. मग आतले कापड वरच्याला ओढते, टक्सपाशी (छातीच्या आकारासाठी घेतलेल्या चिमट्यांपाशी) चुण्या पडतात आणि छातीत घट्ट वाटू लागते. ग्राहकाला वाटते शिंप्याने माप चुकवले, प्रत्यक्षात अस्तर न भिजवता कापलेले असते. अस्तर रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करूनच कापायला हवे. साडीच्या फॉलचेही तसेच. कोरा फॉल लावला की पहिल्या धुण्यानंतर साडीची खालची कड गोळा होते आणि निऱ्या सरळ पडत नाहीत. फॉलच्या हातशिलाईत सुईने साडीचा एखाद-दुसरा धागाच उचलला पाहिजे. मोठा टाका घातला तर साडीच्या दर्शनी बाजूला ठिपक्यांची रांग दिसते.

दुसरी गोष्ट माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जास्तीचे कापड. तयार ब्लाउज उलटा करून पाहा. काखेखालच्या शिवणीत पुढच्या आणि मागच्या भागाला प्रत्येकी किमान एक इंच कापड दुमडलेले हवे. तेवढे असेल तर दोन्ही बाजूंनी मिळून दोन-अडीच इंच सैल करता येते, आणि पैठणीवरचा ब्लाउज पाच-सात वर्षे चालतो. मात्र बाहीच्या शिवणीतही तेवढीच माया हवी. नाहीतर अंग सैल होते, बाही तशीच राहते आणि मुंढ्यात, म्हणजे बाही अंगाला जोडतात तिथे, ओढ बसते.

मुंढ्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. हात वर केला की ओढते, म्हणून "मुंढा जरा खोल करा" असे सांगितले जाते. खोल मुंढ्याने उलट होते. हात वर केला की अख्खा ब्लाउज वर चढतो. मुंढा काखेच्या जवळ आणि बाही वरच्या भागात पुरेशी रुंद असेल तरच हात मोकळा फिरतो. ट्रायलच्या वेळी हात वर करून, पुढे घेऊन, खाली वाकून बघा. आरशासमोर नुसते सरळ उभे राहून मापाचे काही कळत नाही.

माप देताना जी ब्रा त्या ब्लाउजखाली घालणार आहात तीच घालून या. ब्रा बदलली की टक्सची टोके वर-खाली होतात. आतले कपडे ही जागा काटकसरीची नाहीच. ब्राचा आधार मुख्यतः खालच्या पट्ट्याचा असतो, खांद्याच्या पट्टीचा नव्हे. तो पट्टा ढिला पडला की कितीही महागडा ब्लाउज नीट बसणार नाही.

साडीबरोबर येणारा ब्लाउजपीस साधारण ८० सेंटिमीटरचा असतो. आखूड बाही आणि मध्यम मापासाठी तो पुरतो. छातीचे माप ४० इंचांच्या पुढे असेल किंवा कोपरापर्यंत बाही हवी असेल, तर मीटरभर लागते. साडीतून पीस कापण्याआधी विचारा, नंतर जोड द्यावा लागला तर तो दिसतो.

वाचवायचे कुठे? लटकन, लेस, बटणे, पाठीची दोरी यांत. रविवार पेठेत या वस्तू घाऊक भावात मिळतात, त्या स्वतः आणून द्या, आम्ही लावून देऊ. आठ दिवसांत मन बदलले तर उसवून दुसरी लेस लावता येते.

तयार कपडे: दोन मिनिटांची तपासणी

कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर किंवा डेक्कनच्या हाँगकाँग गल्लीत स्वस्तात चांगला माल मिळतो, पण तो निवडावा लागतो. टी-शर्ट उभा दुमडून दोन्ही बाजूंच्या शिवणी एकमेकींवर ठेवा. त्या जुळल्या नाहीत, तर कापड तिरके कापलेले आहे. दोन धुण्यांत बाजूची शिवण पोटावर फिरून येईल, आणि त्यावर आमच्याकडेही इलाज नाही. कुर्तीच्या आत शिवणीला पाव इंचच माया असेल तर ती नंतर सैल होणार नाही, म्हणून अंगाला सैल होईल तीच घ्या, आत घेणे सोपे असते. रेयॉनची कुर्ती लांबीला आटते, गुडघ्याखाली दोन इंच जास्त असेल तरच घ्या. गडद रंगाचे सुती कापड असेल तर ओला पांढरा रुमाल आतल्या बाजूने चोळा. रुमाल रंगला तर तो कपडा कायम वेगळा धुवावा लागणार, हे धरून किंमत ठरवा.

कराचाही हिशेब ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढच्या नगावर १८ टक्के. म्हणजे करापूर्वी २,५०० चा ड्रेस २,६२५ ला पडतो आणि २,६०० चा ड्रेस ३,०६८ ला. कापड आणि साडीवर मात्र किंमत कितीही असली तरी ५ टक्केच. त्यामुळे भारी कपड्यात कापड घेऊन शिवून घेणे बरेचदा परवडते, आणि बसतेही नीट.

पैठणी

इथे हात सैल सोडायला आमची ना नाही, पण डोळे उघडे ठेवून. लक्ष्मी रोडला एकाच काचेत हातमागाची, यंत्रमागाची आणि पॉलिस्टरची अशा तिन्ही प्रकारच्या 'पैठण्या' दिसतात. पदर उलटा करून पाहा. हातमागाच्या पैठणीचा मोर उलट बाजूनेही जवळजवळ तसाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा नक्षीपुरताच विणून परत फिरवलेला असतो. यंत्रमागाच्या साडीला मागे लांबच लांब सुटे धागे असतात, किंवा ते कापल्याच्या खुणा. रेशमाची खात्री करायला सिल्क मार्कचे लेबल मागा. शंका असेल तर कडेचा एक सुटा धागा जाळून बघा. रेशीम केस जळाल्यासारखे वासते आणि राख बोटांत चुरली जाते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते.

घरी ठेवताना धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. डांबरगोळी जरीला चिकटली तर जरी काळवंडते, अत्तराचे थेंबही तेच करतात. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरी घाला, कायम एकाच घडीवर ठेवलेले रेशीम तिथेच चिरते. साडीला नेट लावणे, रफू, रोल पॉलिश (रोलरवर ताणून साडी पुन्हा सरळ आणि चमकदार करणे) ही कामे वेळेवर केली तर आजीची साडी नातीला नेसता येते. यावर घातलेला पैसा आम्हाला कधीच उधळपट्टी वाटत नाही.

केस: आधी पाणी बघा

महागडा शाम्पू वापरूनही केस राठ राहतात अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना आम्ही पहिला प्रश्न विचारतो की घरात पाणी कुठले? खडकवासल्याचे पाणी येणाऱ्या घरांत हा त्रास कमी असतो. बोअर किंवा टँकरच्या पाण्यावरच्या सोसायट्यांत पाणी जड असते. त्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवर बसतो, केस करकरीत लागतात, गुंता वाढतो. बादलीला आणि नळाला पांढरा थर बसत असेल तर तोच केसांवरही बसतो आहे.

शॉवरला लावायचे फिल्टर यासाठी विकले जातात, त्यात पैसे घालू नका. ते क्लोरीन आणि गाळ कमी करतात, पाण्याचा जडपणा घालवत नाहीत. त्यासाठी मीठ घालून चालणारे सॉफ्टनर यंत्र लागते, ते सोसायटीने मिळून बसवले तरच परवडते. तोवर स्वस्त उपाय असा: नेहमीसारखे न्हा आणि शेवटचे दोन तांबे पिण्याच्या आरओ फिल्टरच्या पाण्याचे घ्या. महिन्यातून दोनदा, ज्याच्या घटकांत ईडीटीए (जड पाण्यातले क्षार धरून काढणारे रसायन) लिहिले आहे असा शाम्पू वापरा.

शाम्पूत वाचवायला हरकत नाही. तो डोक्यावर दोन मिनिटे असतो आणि मोरीत वाहून जातो. किमतीला मिलिलिटरने भागून बघा, बरेचदा पुडी बाटलीपेक्षा स्वस्त पडते. खांद्यापर्यंतच्या केसांना सहा-सात मिलिलिटर पुरतो. मगात पाणी घालून पातळ करा आणि तो फक्त डोक्याच्या त्वचेला चोळा, टोकांना खाली वाहणारा फेस पुरे. पातळ केलेला शाम्पू बाटलीत भरून ठेवू नका, त्यातले टिकवणारे घटक विरळ होऊन तो खराब होतो. थोडे जास्त पैसे कंडिशनरवर घाला, कारण तो केसांवर राहतो. तो कानांच्या खाली लावा, मुळांना लावला तर केस चपटे आणि तेलकट दिसतात.

तेलाचे म्हणाल तर साधे खोबरेल पुष्कळ. न्हाण्याआधी लावलेले खोबरेल केसात मुरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलात हा गुण आढळला नाही. 'बदाम तेल' म्हणून येणाऱ्या बाटलीमागचे घटक वाचा. यादीत पहिले नाव लिक्विड पॅराफिन किंवा मिनरल ऑइल असेल, तर तुम्ही बदामाचे पैसे देऊन खनिज तेल घेत आहात.

रंग

केसांचा रंग हा एकदाचा खर्च नसतो. केस महिन्याला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास वाढतात. रंग मूळ केसांपेक्षा जितका लांबचा, तितक्या पार्लरच्या फेऱ्या जास्त. पांढरे केस पूर्ण झाकायचे तर दर पाच आठवड्यांनी मुळांना रंग लागतो, म्हणजे वर्षाला दहा वेळा. एका वेळचा दर दहाने गुणा आणि मगच छटा निवडा. पांढरे थोडेच असतील तर पुढच्या बाजूला बारीक हलक्या बटा काढून घ्या, पांढरे त्यात मिसळून जातात आणि दोन-तीन महिने बघावे लागत नाही.

घरी रंग लावणार असाल तर फक्त वाढलेल्या मुळांना लावा. दर वेळी टोकापर्यंत ओढला की टोके काळीठिक्कर आणि कोरडी होतात. दुसरे असे की रंग रंगाला उचलत नाही. आधीच्या गडद रंगावर फिका रंग लावून केस फिके होत नाहीत, फक्त नवी वाढ फिकी होते आणि डोक्यावर दोन पट्टे दिसतात. हे दुरुस्त करायला येणारा खर्च पहिल्या रंगाच्या कितीतरी पट असतो.

काळ्या मेंदीविषयी कळकळीने सांगतो. शुद्ध मेंदीचा रंग तांबूसच येतो. जी पूड केस काळेभोर करते, तिच्यात बहुतेकदा पीपीडी हे रसायन असते, आणि त्याची ॲलर्जी आयुष्यात केव्हाही सुरू होऊ शकते, वीस वर्षे लावत असलात तरी. कानामागे थोडे मिश्रण लावून ४८ तास थांबा, प्रत्येक वेळी. काही मेंद्यांत धातूंचे क्षार असतात. त्यावर पार्लरचा पेरॉक्साइडचा रंग लागला की केस गरम होऊन तुटतात. म्हणून गेल्या दोन वर्षांत काय काय लावले ते आम्हाला खरे सांगा, पुडीवर लिहिलेले घटकही आणा.

स्मूदनिंग आणि केराटिन

रिबाँडिंग किंवा स्मूदनिंगमध्ये रसायनाने केसांचे आतले बंध तोडून ते सरळ बसवतात. तेवढा केस कायमचा सरळ होतो, पण मुळाकडून येणारा नवा केस कुरळाच येतो. सहा महिन्यांत सात-आठ सेंटिमीटर कुरळे आणि खाली सरळ असे दिसू लागते. पुन्हा करताना रसायन जुन्या भागावर चढले तर केस नेमका त्या सांध्यावर तुटतो. केराटिन हा वरून बसवलेला थर, तो तीन ते पाच महिन्यांत उतरतो.

केराटिन लावताना डोळे चुरचुरले, घसा खवखवला, तर त्यातून फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू निघतो आहे असे समजा आणि थांबवायला सांगा. 'फॉर्मल्डिहाइडमुक्त' म्हणून येणाऱ्या काही मालात ग्लायऑक्सिलिक ॲसिड असते. तो लावल्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. डबीवरचे घटक वाचून दाखवायला सांगणे हा तुमचा हक्क आहे. दर फारच कमी असेल तर आधी तेच विचारा.

आम्ही होकार देण्याआधी एक भिजलेला केस दोन बोटांत धरून हलकेच ताणतो. तो थोडा लांबून परत आखडला तर केस सशक्त आहे. च्युइंगगमसारखा ताणत जाऊन तुटला तर आम्ही काम घेत नाही, कितीही आग्रह झाला तरी. अशा वेळी दोन इंच केस कापणे आणि चार महिने थांबणे स्वस्तही पडते आणि बरेही.

लग्नसराईत येताना

ब्लाउज कार्याच्या तीन आठवडे आधी ट्रायलला तयार हवा, म्हणजे दुरुस्तीला वेळ राहतो. केसांचा रंग दहा-बारा दिवस आधी करा. शेवटच्या आठवड्यात कोणताही नवा प्रयोग करू नका. शिवणकामासाठी येताना नीट बसणारा जुना ब्लाउज, साडी आणि त्यावर घालायची ब्रा आणा. केसांसाठी येताना न विंचरता, तेल न लावता, आदल्या दिवशी न्हालेले केस घेऊन या, म्हणजे त्यांचे मूळ वळण दिसते. दरपत्रक काउंटरवर लावलेले आहे. लांबी आणि दाटीनुसार दर बदलत असेल तर काम सुरू करण्यापूर्वी तो कागदावर लिहून दिला जाईल.