पोथी टिकते, मग कादंबरी का पिवळी पडते?

दोनशे वर्षांच्या पोथीचे पान पुष्कळदा अजून लवचिक असते. उलट 1960च्या दशकातल्या स्वस्त आवृत्तीचे पान दुमडले, की कोपरा तुटून हातात येतो. फरक वयाचा नाही, कागदाचा आहे.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या लांब साखळ्या. चिंध्या कुटून केलेल्या हातकागदात या साखळ्या लांब राहतात. त्याला खळ लावून दगडाने घोटत, म्हणून शाई फुटत नसे. 1807 साली जर्मनीत मोरित्स इलिग यांनी खळीऐवजी राळ आणि तुरटी वापरण्याची रीत प्रसिद्ध केली आणि पुढे गिरण्यांनी ती उचलली. ही तुरटी दमट हवेत आम्ल तयार करते, आम्ल साखळ्या तोडते आणि तुटताना आणखी आम्ल निर्माण होते. म्हणून ऱ्हासाचा वेग वाढतच जातो. पिवळेपणाचे मूळ वेगळे: लाकडाच्या लगद्यातले लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे द्रव्य, उजेड आणि हवेने पिवळे पडते. पिवळे पान मजबूत असू शकते. ठिसूळ पान मात्र पुन्हा लवचिक होत नाही.

जुन्या पुस्तकाचा जो वास आपल्याला इतका प्रिय, तो याच विघटनाचा. त्यात ॲसेटिक आम्ल (व्हिनेगरमधले आम्ल) आणि फरफुराल (बदामासारख्या वासाचे रसायन) असते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले माटिया स्ट्रलिच आणि सहकाऱ्यांनी 2009मध्ये अशा वायूंवरून कागदाची अवस्था ओळखता येते, हे दाखवले.

घरी सर्वांत मोठा शत्रू पावसाळा. सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, पुस्तके दाटीने कोंबू नका. पुस्तकांना ऊन दाखवण्याची जुनी पद्धत मात्र सोडावी, कारण उन्हाने लिग्निन पिवळे पडते आणि शाई फिकी होते. सावलीत, वाऱ्यावर उघडून ठेवणे पुरते. वर्तमानपत्राचे कव्हर किंवा पानांत जपलेले कात्रण नकोच. त्यातले आम्ल शेजारच्या पानावर उतरते आणि तपकिरी छाप उमटतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावला, तर त्याचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन आत झिरपतो. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा.

कसर लागली असेल, तर पुस्तक प्लॅस्टिक पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांना दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर 24 तास पिशवी उघडू नका, नाहीतर थंड पानांवर दव धरते.

भिजलेल्या पुस्तकाला साधारण 48 तासांत बुरशी लागते. तेवढ्यात वाळवता येत नसेल, तर तेही गोठवून ठेवावे आणि सवडीने वाळवावे. लेप दिलेल्या गुळगुळीत, चकचकीत कागदाच्या पुस्तकाला मात्र एवढीही उसंत नाही: ती पाने ओली असतानाच सुटी करावी लागतात. एकमेकींना चिकटून वाळली, की ती फाटल्याशिवाय सुटत नाहीत.