वेळासची पुळण

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बाणकोट खाडीच्या मुखाजवळ वसलेले वेळास कासवांमुळे सर्वांना ठाऊक झाले आहे. मात्र तिथली पुळण नीट पाहायची असेल, तर ओहोटीच्या वेळी पाण्याकडून गावाच्या दिशेने सरळ चालत यावे. त्या थोड्याशा अंतरात वाळूची ओल पावलागणिक कमी होत जाते आणि तिच्याबरोबर जीवसृष्टीही बदलते.

नुकत्याच उघड्या पडलेल्या वाळूवर बारीक गोळ्यांच्या रांगा एकेका बिळापासून चहूकडे पसरलेल्या दिसतात. हे काम नखाएवढ्या खेकड्यांचे. खेकडा नांग्यांनी वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातले सूक्ष्म शेवाळ व इतर सेंद्रिय कण खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतो. भरती आली की सारी नक्षी पुसली जाते.

भरतीच्या रेषेपलीकडे मर्यादवेल सुरू होते. आपट्याच्या पानांसारखी दुभंगलेली जाड पाने आणि सकाळी उमलणारी जांभळी फुले यांमुळे ती चटकन ओळखू येते. एखादी फांदी हलकेच उचलून पाहावी: जवळजवळ प्रत्येक पेराला मुळे फुटलेली असतात आणि त्यांनी वाळू घट्ट धरून ठेवलेली असते. वाऱ्याने उडणारी वाळू या जाळ्यात अडकते, तिचा उंचवटा होतो आणि मग इतर वनस्पतींना तिथे थारा मिळतो. हिच्या बिया समुद्राच्या पाण्यावर महिनोन्महिने तरंगूनही रुजू शकतात, म्हणूनच ही वेल जगभरातल्या उष्ण किनाऱ्यांवर पोहोचली आहे.

याच पट्ट्यात, भरतीचे पाणी पोहोचणार नाही अशा जागी, ऑलिव्ह रिडले कासवाची मादी खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते. ती ४५ ते ६० दिवस वाळूच्या उबेवर वाढतात. वाळू अधिक उष्ण असेल तर माद्या जास्त निपजतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साथीने इथली घरटी जपली. कोकणात इतरत्र अशा जागी दाट लावलेली सुरूची झाडे मला खटकतात, कारण त्यांच्या सुयांच्या थराखाली मर्यादवेल टिकत नाही आणि कासवाला मोकळी वाळूही उरत नाही.

वेळ उरला तर खाडीकाठच्या खाजणात, म्हणजे खारफुटीच्या दलदलीत, जरूर डोकवावे. चिखलात निवट्या नावाचे छोटे मासे उड्या मारताना दिसतात, आणि तिवर या खारफुटीच्या झाडाचे पान निरखले तर त्याने ग्रंथींवाटे बाहेर टाकलेल्या मिठाचे पांढरे कण नुसत्या डोळ्यांनी दिसतात.