पडद्यावर नाव नाही म्हणजे तो एक्स्ट्राच होता का?

जुन्या हॉलिवूडपटांबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: श्रेयनामावलीत ज्याचं नाव नाही, तो गर्दीतला एक्स्ट्रा. समज स्वाभाविक आहे, कारण आज चहावाल्यापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांची नावं शेवटी सरकताना दिसतात. पण ही लांबलचक नामावली 1970 च्या दशकात रुळली.

1930-40 च्या दशकांत नावं बहुधा सुरुवातीलाच, मिनिट-दीड मिनिटात उरकत. कलाकारांच्या पाटीवर मोजकीच नावं मावत. त्यामुळे हॉटेलचा कारकून, बारमन, हवालदार अशा भूमिका करणारे कसलेले चरित्र अभिनेते संवाद बोलूनही पाटीबाहेर राहत. यातले काही स्टुडिओच्या आठवडी पगारावर असत आणि वर्षाला दहाहून जास्त चित्रपटांत झळकत. त्यांचं काम फार मोलाचं होतं. दोन वाक्यांत माणूस उभा करणं सोपं नाही.

पडताळायचं कसं? आधी प्रसंग थांबवून बघा: तो स्वतंत्र संवाद बोलतो का, नायक त्याला उत्तर देतो का? मग ऑनलाइन सूचीत नावापुढे ‘अनक्रेडिटेड’ दिसेल. त्याचा अर्थ एवढाच, की पडद्यावर नाव आलं नाही. एक्स्ट्रांपुढेही तोच शब्द असतो, म्हणून भूमिकेचं वर्णन वाचा. ‘बारमन’ असेल तर बहुधा संवाद असतो, ‘पार्टीतला पाहुणा’ असेल तर बहुधा नसतो. अशा सूची बऱ्याचदा प्रेक्षकच भरतात, सारख्या नावांची सरमिसळ होते. त्यामुळे त्याच वर्षाच्या दुसऱ्या चित्रपटातला चेहरा आणि आवाज जुळवून पाहाच.